स्टिरिओतला पोटभाडेकरू

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात न बोलावता कोण कोण येतं याची यादी करायला बसलं, तर वाण्याची वही पुरायची नाही. वर्गणीवाले येतात, विमा एजंट येतात, ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणणारे तर ऐन जेवणाच्या वेळेला येतात. पण या साऱ्यांना निदान दाराची कडी वाजवावी लागते. कडी न वाजवता, चपला न काढता थेट दिवाणखान्यात येऊन बोलायला लागणारा एकच पाहुणा मला ठाऊक आहे. तो म्हणजे रेडिओची लहर. तुम्ही हौसेनं विलंबित ख्यालाची रेकॉर्ड लावलेली असते, बुवा समेच्या अगदी उंबरठ्यावर आलेले असतात, आणि नेमक्या त्याच क्षणी डाव्या स्पीकरमधून कुणीतरी कांद्याचे बाजारभाव सांगू लागतं. रेडिओ तर घरात लावलेलाच नसतो! मग हा बोलतो कोण आणि कुठून?

बरं, हा उपद्रव काही काल-परवाचा नाही. बिनतारी विद्येच्या बारशालाच तो पाळण्यापाशी हजर होता. 4 जून 1903 या दिवशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग या मोठ्या शास्त्रज्ञाचं व्याख्यान होतं. मार्कोनीसाहेब दूर कॉर्नवॉलमधल्या पोल्धू इथे बसलेले. तिथून ते बिनतारी संदेश पाठवणार आणि फ्लेमिंग तो सभेला दाखवणार, असा बेत. मार्कोनींचा दावा असा की आमची यंत्रं एकमेकांशी सुरात लावलेली आहेत, तिसऱ्याला त्यात तोंड घालता येणार नाही. आता इतक्या ठामपणे सांगितलं की तिसऱ्याला हुरूप येतोच. संदेशाची वेळ व्हायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात यंत्र आपणहून कडकडायला लागलं. ‘रॅट्स, रॅट्स, रॅट्स.’ म्हणजे उंदीर! आणि पाठोपाठ मार्कोनींची टर उडवणारं एक चावट कवन.

हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या गृहस्थांचा. घराणं जादूगारांचं, स्वतः जादूगार आणि बिनतारीचे जाणकार. समुद्राखालच्या तारांचा धंदा करणाऱ्या कंपनीनं त्यांना मार्कोनींच्या मागावर सोडलं होतं. जवळच्याच एका नाट्यगृहातून त्यांनी हे उंदीर सोडले. गंमत अशी की फ्लेमिंगना ऐकायला कमी येत असे, त्यामुळे सभेत त्यांना यातलं काही कळलंच नाही. कळलं त्यांच्या मदतनिसाला, आणि तो बिचारा घाम पुसत उभा. मागाहून फ्लेमिंगनी ‘टाइम्स’मध्ये संतप्त पत्र लिहून गुन्हेगाराचा छडा लावायचं आवाहन केलं. तर मॅस्केलिनसाहेबांनी स्वतःच उत्तर लिहून ‘तो मीच’ असं कळवून टाकलं! हल्ली असं बाणेदार पत्रलेखन राहिलं नाही.

पण नशिबाचा खेळ पाहा. याच फ्लेमिंगनी पुढच्याच वर्षी, 1904 साली, एक काचेची नळी शोधून काढली, जिच्यातून वीज फक्त एकाच दिशेनं जाते. हाच तो डायोड. रेडिओची लहर पकडून तिच्यातून ऐकू येणारा आवाज वेगळा काढायचा, तर अशी एकदिशा वाट लागते. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या जगदीशचंद्र बसूंना गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर चालणाऱ्या अशाच कामाच्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं. अर्ज त्यांनी 1901 सालीच केला होता. अर्ज आणि मंजुरी यांमधलं अंतर सगळ्या जगात सारखंच, एवढाच बोध आपण त्यातून घ्यायचा.

आता ही एकदिशा वाट म्हणजे काय भानगड आहे, ते थोडक्यात सांगतो. घाबरू नका, गणित नाही. मिडियम वेव्हची लहर सेकंदाला लाखो वेळा थरथरते. आपला कान वीस हजारांच्या पुढं हात टेकतो. म्हणजे लहर नुसती स्पीकरपर्यंत आली तरी ऐकू येण्याचं काही कारण नाही. ती पुढंमागं, पुढंमागं अशी सारखीच डुलत असते, आणि सरासरी काढली तर बाकी शून्य. आमच्या बँकेच्या पासबुकासारखी. पण वाटेत एकदिशा रस्ता लागला की मागं जाणारा अर्धा भाग अडतो, पुढचा तेवढा सुटतो, आणि मग त्या लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या उंचीत दडलेलं निवेदकाचं बोलणं उघडं पडतं. अशी वाट मुद्दाम बसवली की त्याला रेडिओ म्हणतात. ती आपसूक तयार झाली की त्याला कटकट म्हणतात.

आणि आपसूक ती कुठं कुठं तयार होते म्हणता? गंजलेल्या पन्हळीच्या जोडावर होते, कळकट स्विचमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली इटलीत अँझिओच्या खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी दाढीचं पातं, पेन्सिलीतलं शिसं आणि सेफ्टी पिन यांवर रेडिओ ऐकला. ना बॅटरी, ना नळी. पात्यावरचा पातळ निळसर थर आणि शिशाचं टोक यांचा नुसता स्पर्श पुरला. जिथं दाढीचं पातं बातम्या देतं, तिथं तुमच्या आमच्या स्टिरिओतल्या डझनावारी ट्रान्झिस्टरांनी मौन पाळावं ही अपेक्षाच चूक. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पोटात अशी एकदिशा वाट असतेच.

आणखी एक ऐकीव प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात मेसन नावाच्या गावी डब्ल्यूएलडब्ल्यू नावाचं केंद्र होतं. पॉवेल क्रॉस्ली हे मालक. स्वतः रेडिओचे सेट विकायचे. सेट स्वस्त, म्हणून केंद्र जबरदस्त, असा सरळ व्यापारी हिशेब. 2 मे 1934 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली आणि या केंद्रानं पाचशे किलोवॅट ताकदीनं बोलायला सुरुवात केली. तिथल्या इतर केंद्रांना पन्नासाची मर्यादा होती. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून म्हणे तक्रारी येऊ लागल्या, की आमचं कुंपण गातं, पन्हळ बोलते, पलंगाच्या स्प्रिंगा रात्री वादन करतात आणि गोठ्यातला दिवा बटण बंद केलं तरी विझत नाही. यातलं तिखटमीठ किती ते वगळून घ्यावं. पण पन्हळ बोलू शकते, हे वर सांगितलंच आहे. 1939 च्या मार्चमध्ये सरकारनं केंद्राला पुन्हा पन्नासावर आणलं आणि कुंपणं मुकी झाली.

त्याच्याही आधी, 1922 साली बीबीसी सुरू झाली तेव्हाच्या सेटमध्ये निराळीच खोड होती. ताकद वाढवण्यासाठी सेटचं बटण जरा जास्त पिळलं की सेट स्वतःच प्रक्षेपण करायला लागे आणि गल्लीतल्या सगळ्या सेटमधून शिट्ट्या वाजत. बीबीसीचे मुख्य अभियंते एकर्स्ली यांना रेडिओवरूनच श्रोत्यांची मनधरणी करावी लागे, की बाबांनो, असं करू नका. मनधरणी ज्याच्यासाठी, तो नेमका बटण पिळण्यात गुंतलेला. शिवाय शिट्टी आपल्या घरात वाजली, तरी ती वाजवणारा नेहमी शेजारीच असतो, अशी प्रत्येकाची खात्री.

हे शेजाऱ्याचं प्रकरण मी प्रत्यक्ष पाहिलंय. 1983 साल. विश्वचषक नुकताच जिंकलेला, त्यामुळे आमची सोसायटी मोठ्या खुशीत होती. तळमजल्यावरच्या तात्यांचा मुलगा कुवेतला. त्यानं जपानी बनावटीचा भला थोरला स्टिरिओ पाठवला. तात्या ट्रेझरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि ‘स्टिरिओचा परिणाम’ साधण्यासाठी दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना ठेवले. दोन्हीकडे पाच-पाच मीटर वायर. हा पाच मीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो कामाला येणार आहे.

तिसऱ्या मजल्यावर प्रोफेसर राहत. तंत्रनिकेतनात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि रात्री ‘हॅम’ असायचे. म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, गच्चीवर तारा बांधून रात्री साडेनऊनंतर ते ब्राझीलपासून जपानपर्यंत कुणाशीही गप्पा मारत. जिन्यात भेटले तर ‘काय, बरंय ना?’ यापलीकडे शब्द नाही. पण ब्राझीलवाल्याला पुण्याची हवा रोज कळवायचे.

व्हायचं तेच झालं. तात्यांच्या कुमारांमधून प्रोफेसर बोलू लागले. कुमार म्हणजे गंधर्व. तात्या त्यांना घरच्यासारखे कुमारच म्हणत. पहिल्यांदा प्रोफेसरांचा आवाज स्वच्छ यायचा, ‘हॅलो सीक्यू, हॅलो सीक्यू’ अगदी शब्दन् शब्द. मग प्रोफेसरांनी ‘सिंगल साइडबँड’ नावाचा नवा प्रकार घेतला. त्यात लहरीचा एक हिस्सा आणि मधला कणा काढून टाकतात, त्यामुळे कमी ताकदीत लांब पोचतं. पण कणाच नसलेली ही लहर साध्या एकदिशा वाटेनं उलगडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, पाण्याखाली बदकांचं भांडण लागलंय. तात्या मला म्हणाले, “अहो, पूर्वी निदान काय बोलतात ते कळायचं. आता मारवा चालू असताना भूत बोलतं हो!” माईंनी तर रात्री साडेनऊनंतर दिवाणखान्यात जाणंच सोडलं.

सोसायटीची खास सभा भरली. विषय एकच: गच्चीवरची काठी. तात्यांचं म्हणणं, काठी उतरवा. प्रोफेसरांचं म्हणणं, माझा परवाना आहे, लहरी माझ्या पट्ट्यात आहेत, दोष तुमच्या यंत्राचा आहे. ‘तुमच्या यंत्राचा’ हे शब्द ऐकून तात्या ताडकन उठले. मुलानं वाळवंटात राबून पाठवलेली वस्तू! तिला नाव ठेवलेलं बाप कसं खपवून घेईल? दोघंही सज्जन, वीस वर्षांचा शेजार. प्रोफेसरांच्या मुलाला तात्यांनीच लहानपणी पाढे शिकवलेले. आणि त्या दिवशी ‘अहो-जाहो’ होतं तसंच राहिलं, पण असं थंडगार झालं की ऐकवेना. ठराव मतदानाला टाकायचा इतक्यात माई मागून म्हणाल्या, “आधी शोधा तरी, तो शिरतो कुठून. मांजर दूध प्यायलं तर आपण आधी खिडकी बघतो की नाही?” सभेला हा मुद्दा पटला. एका रविवारची मुदत मिळाली.

त्या रविवारी मी माझं आयुष्यातलं एकमेव शास्त्रीय कार्य केलं. परवाना प्रोफेसरांचा, म्हणून बोलायला त्यांनीच वर बसायला हवं. खाली स्टिरिओपाशी त्यांचा मुलगा. आणि मधे, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, मी. ज्या माणसाचा आवाज ब्राझीलला पोचतो, त्याला तळमजल्यावर निरोप पाठवायला माझ्या ओरडण्याची गरज लागली, हे मी सगळ्यांना पुढं अनेक वर्षं सांगत असे.

मुलानं पहिलं काम काय केलं, तर आवाजाचं बटण शून्यावर आणलं. कुमार थांबले. बदक थांबलं नाही! तात्या म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं? बटणालाही जुमानत नाही.” पोराचे डोळे मात्र चमकले. रेकॉर्ड-प्लेअरकडून आत शिरलं असतं तर बटणानं ते अडवलं असतं. अडवलं नाही, अर्थात ते बटणाच्या पुढून कुठून तरी येतंय. मग त्यानं स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि हेडफोन लावून पाहिला. शांत. म्हणजे चोर सापडला: स्पीकरच्या वायरी. त्या आवाज बाहेर न्यायला असतात, पण लहरीला त्याच्याशी काय देणंघेणं? प्रोफेसर बोलत होते ती लहर वीस मीटर लांबीची. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाच मीटरची तार ही तिच्यासाठी झकास अँटेना. तात्यांनी पुस्तिका वाचून, टेप लावून, तंतोतंत अँटेना बांधली होती. तिच्यावरून लहर मागच्या दारानं ॲम्प्लिफायरमध्ये शिरायची. आणि स्पीकरकडे निघालेल्या आवाजाचा थोडा नमुना तपासणीसाठी पुन्हा सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरकडे पाठवायची चांगल्या ॲम्प्लिफायरांची पद्धत असते. त्या तपासणीच्या फायलीबरोबर ही लहर थेट साहेबांच्या टेबलावर. तिथं एकदिशा वाट आहेच. एकदा का तिथं ती उलगडली, की पोटभाडेकरू घरमालक झाला.

उपाय म्हणाल तर चार आण्यांचा. मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओतली काळी कांडी असते ना, फेराइटची, ती पोरानं आणली आणि डाव्या स्पीकरच्या दोन्ही वायरी जोडीनं तिच्यावर दहा-बारा वेढे घालून गुंडाळल्या. वरून ‘बोलू का?’, मधून माझं ‘बोला!’, आणि डावा स्पीकर गप्प! उजव्यातून बदक चालूच. खोलीच्या बरोबर मधे उभं राहिलं तर एका कानात शांतता आणि दुसऱ्यात ब्राझील. पुस्तिकेत म्हटलेला स्टिरिओचा परिणाम तात्यांना त्या दिवशी पुरेपूर मिळाला. दुसरी कांडी उजव्या वायरीला बसली, जादा वायर कापून टाकली, आणि काठी गच्चीवर राहिली.

गंमत पाहा, रेडिओत हीच कांडी लहरी गोळा करायला बसवतात, आणि इथं तिनं लहरी अडवल्या. संगीताच्या सावकाश लहरी जोडीच्या एका तारेनं जातात, दुसरीनं परततात. त्यांचा कांडीवरचा परिणाम एकमेकांना खोडून टाकतो. आगंतुक लहर मात्र दोन्ही तारांवरून एकाच दिशेनं घुसते आणि कांडीशी अडखळते. जोडीनं आल्या-गेलेल्याला वाट, एकाच दिशेनं घुसणाऱ्याला मज्जाव, असा दरवान तात्यांना मनापासून आवडला. प्रोफेसरांचं म्हणणं खरं ठरलं, पण त्यांनी ते पुन्हा उच्चारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. सोमवारी तात्यांनी त्यांना चहाला बोलावलं आणि ब्राझीलला हवा कशी आहे ते विचारलं.

त्याच सुमारास अमेरिकेत हेच भांडण थेट कायद्यापर्यंत गेलं होतं. 1970 च्या दशकात तिथं ट्रकवाल्यांपासून सगळ्यांनी ‘सीबी’ रेडिओ बसवले आणि घरोघरच्या स्टिरिओतून ट्रकवाल्यांचे संवाद बाहेर पडू लागले. सरकारकडे तक्रारींचा ढीग. तपासात पुष्कळदा हेच निघे, की प्रक्षेपण नियमात आहे, घरातलं यंत्रच नको ते ऐकतंय. अखेर 1982 साली कायद्यानं तिथल्या दळणवळण आयोगाला अधिकार दिला, की घरगुती यंत्रांनीच लहरींना दाद देऊ नये यासाठी त्यांच्यावर नियम घालता येतील. या कायद्याच्या मागं उभे होते सिनेटर बॅरी गोल्डवॉटर. ते स्वतः हॅम होते! तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते ‘हं’ म्हणाले.

आपल्याकडे पुढची पाळी मोबाइलची. 31 जुलै 1995 ला देशात पहिला मोबाइल फोन वाजला, आणि काही वर्षांत घरोघर स्टिरिओ फोन यायच्या आधीच ‘टिडिक् टिडिक् टर्रर्र’ करायला लागले. तो फोन अखंड बोलत नसे. सेकंदाला 217 वेळा लहरींचे फटके मारी. लहर ऐकू येत नाही, पण फटक्यांचा ताल येतो. फोन येतोय हे फोनच्या आधी स्पीकरला कळायचं, त्यामुळे स्वयंपाकघरातून ‘उचला!’ असा हुकूम घंटी वाजायच्या आत सुटे.

आता यातलं सगळ्यांत थोर प्रकरण. 1927 साली न्यूयॉर्क ते लंडन बिनतारी टेलिफोन सुरू झाला. तीन मिनिटांना 75 डॉलर. एवढे पैसे मोजून गिऱ्हाइकाला खरखर ऐकू आली तर तो गप्प बसेल? म्हणून बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं कार्ल जान्स्की नावाच्या तरुण अभियंत्याला न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शेतात नेऊन बसवलं: खरखर कुठून येते ते शोध. त्यानं तीस मीटर लांबीचा सांगाडा जुन्या फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवला आणि वीस मिनिटांत एक फेरी असा गोल फिरवला. खरखर तीन प्रकारची निघाली. एक जवळच्या वादळांची, दुसरी लांबच्या वादळांची. तिसरी मात्र एक मंद, अखंड सुसकारा. आधी वाटलं सूर्य. पण सुसकाऱ्याची वेळ रोज चार-चार मिनिटं अलीकडे सरकत होती; चक्र 23 तास 56 मिनिटांचं. खगोलशास्त्र जाणणाऱ्या एका मित्रानं सांगितलं, की अरे, हा तर नक्षत्रांचा दिवस. आपल्याकडच्या कुठल्याही पंचांगवाल्यानं हे चहा पिता पिता सांगितलं असतं. सुसकारा धनू राशीकडून, आकाशगंगेच्या गाभ्याकडून येत होता. 1933 च्या मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ती बातमी पहिल्या पानावर छापली. जान्स्कीला मात्र कंपनीनं दुसऱ्या कामाला लावलं. तक्रार मिटली होती. आकाशगंगेला नोटीस पाठवता येत नाही. 1950 साली अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो गेला. आकाशातून येणाऱ्या लहरींच्या जोराला आज जगभर ‘जान्स्की’ या एककानंच मोजतात.

त्या मोजणीचं एक मोठं ठाणं आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महादुर्बीण: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस-एक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जागा निवडताना सगळ्यांत मोठी अट होती ती शांततेची, म्हणजे लहरींच्या शांततेची. सभोवती डोंगर, शहरं दूर. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. ढोलकीला तिथं काहीच मनाई नाही. मनाई आहे ती मोबाइलला, ठिणगी पाडणाऱ्या मोटारीला, विजेच्या सैल तारेला. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण लहर ऐकायची आणि शेजारचा खांब खरखर करत असेल, तर तिथला शास्त्रज्ञ काही काठी उतरवायचा ठराव मांडत नाही. अँटेना घेतलेली माणसं गाडीतून रानोमाळ हिंडतात, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून एकेक खांब ऐकत जातात, आणि खांब सापडला की वीजवाल्यांना बोलावून त्याचा सैल जोड आवळून घेतात.